कुणाचाच नसलेला चेहरा

रमजान तोंडावर आला होता. आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारे आपा म्हणतो, रे रोडला राहते. स्टेशनच्या पश्चिमेला, जुन्या इमारतीत दोन खोल्या. खिडकी उघडली की हार्बरची लोकल दिसते आणि रुळांच्या पलीकडून दारूखान्यातल्या लोखंडाची ठोकठोक दिवसभर ऐकू येते. आपाच्या मुलाने यंदा घराला रंग काढला, सोफा बदलला आणि रिकाम्या भिंतीसाठी मोबाइलवरून एक चित्र मागवले. काळी चौकट, वर काच, किंमत हजार-बाराशे रुपये. चित्र म्हणजे छापील प्रत. त्यात एक डोके होते. अर्धा गाल नारिंगी, अर्धा निळा. नाक म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढलेली एक जाड रेघ. तोंड नव्हतेच. डोळा एकच, तोही बदामासारखा, बुबुळाशिवाय. बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, काही कळायला मार्ग नव्हता.

भाच्याने ते टांगले नेमके पश्चिमेच्या भिंतीवर. जिकडे तोंड करून आपा पाच वेळा नमाज पढते, तिकडेच. आपा कडाडली, "ज्या घरात तसबीर तिथे फरिश्ते येत नाहीत. आठ दिवसांवर रोजे आले आणि तू किब्ल्याच्या भिंतीवर माणसाचे डोके टांगतोस?" भाचा शांतपणे म्हणाला, "अम्मी, हे माणसाचे डोके नाहीच. नीट बघ. हा कुणाचाच चेहरा नाही. सोफ्याच्या रंगाला जुळते म्हणून घेतले."

भांडण मिटेना, तेव्हा आम्हाला बोलावणे आले. "मामू, तुम्ही चार पुस्तके वाचता. तुम्हीच सांगा." आम्ही चहा प्यालो, चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि दोघांनाही समाधान वाटेल असे काहीबाही बोलून उठलो. पण भाच्याचे एक वाक्य आमच्या मागे लागले. हा कुणाचाच चेहरा नाही. परतीच्या लोकलमध्ये आम्ही समोर बसलेल्या माणसांकडे पाहत राहिलो आणि वाटले, या वाक्यात काहीतरी फार चुकते आहे. ते काय, याचा शोध म्हणजे हा लेख.

आधी आपाची बाजू पाहू, कारण ती पोकळ नाही. मराठीत आपण ज्याला तसबीर म्हणतो तो शब्द मूळचा अरबी, आणि तसबीर करणारा तो मुसव्विर. अल-मुसव्विर हे अल्लाहच्या नावांपैकी एक आहे. आकार देणारा तोच. माणसाने सजीवाचा आकार घडवणे म्हणजे त्या नावावर हक्क सांगणे, ही भीती आपल्या परंपरेत खोल रुजलेली आहे. घरात चित्र असेल तर फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आपाने लहानपणी मकतबमध्ये ऐकली. ती तिने मनातून काढलेली नाही आणि काढण्याचे कारणही नाही. ज्या समाजाने मूर्तिपूजेतून बाहेर पडताना मोठी किंमत मोजली, त्याने चित्राबद्दल सावध असणे स्वाभाविक होते.

पण परंपरा एवढेच सांगून थांबत नाही. चित्रांचा पडदा हजरत आयेशा (र.) यांनी दारावर लावला तेव्हा प्रेषितांनी (स.) तो काढायला लावला. मग त्याच कापडाच्या उशा झाल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. म्हणजे चित्र कुठे आहे, कशासाठी आहे, त्याला मान दिला जातो की नाही, याला महत्त्व होते. कुराणात मूर्तिपूजेचा निषेध ठायी ठायी आहे. पण सूरह सबामध्ये हजरत सुलेमान यांच्यासाठी प्रतिमा घडवल्या जात, असा उल्लेखही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधील मुफ्ती मुहंमद अब्दुह यांनी लिहिले की जिथे पूजेची शक्यता उरलेली नाही तिथे चित्र हे ज्ञानाचे साधन ठरू शकते. पुढे तिथल्याच शेख बखीत अल-मुतीई यांनी फोटो म्हणजे पडलेली सावली पकडून ठेवणे, नवी निर्मिती नव्हे, असा विचार मांडला. अनेक उलेमांना हे पटले नाही, आजही पटत नाही. मतभेद आहे, आणि प्रामाणिक मतभेदाबरोबर राहण्याची सवय आपल्याला असायला हवी.

गंमत अशी की भाच्याची बाजू त्याला माहीत होती त्यापेक्षा भक्कम निघाली. घरातल्या आकृतीचे डोके काढले म्हणजे ती झाडासारखी होते, मग हरकत नाही, असे हदीसमध्ये येते. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास (र.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढ असे सुचवले. यावरून काही फकिहांनी असा अर्थ घेतला की चित्राचा जीव चेहऱ्यात असतो. नाक, डोळे, तोंड पुसले की उरतो तो नुसता आकार. आता आधुनिक चित्रकाराने नेमके हेच तर केले! आम्ही हे सांगताच आपा क्षणभर नरमली. मग तिने चष्मा चढवला आणि विचारले, "आणि हा एक डोळा ठेवलाय त्याचे काय?" भाचा त्यावर काळी टिकली चिकटवायला तयार होता. आम्ही सारे हसलो. फिकहचा प्रश्न टिकलीवर आला होता.

पण हसून झाल्यावर आम्हाला वाटले की आपण तिघेही खऱ्या प्रश्नाला बगल देतो आहोत. आपाला चेहरा नको होता, कारण तो चेहरा होता. भाच्याला तो चालत होता, कारण तो चेहरा नव्हता. हा मोडलेला चेहरा आला कुठून, हे दोघांनीही विचारले नाही.

तो फार लांबून आलेला नाही. रे रोडहून दक्षिणेला जाणारी लोकल पकडा. डॉकयार्ड रोड, मग सँडहर्स्ट रोड. तिथे उतरून थोडे चालले की मोहम्मद अली रोड. १९४७ साली याच रस्त्यावर तय्यब मेहता नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने घराच्या खिडकीतून एक दृश्य पाहिले. खाली जमावाने एका माणसाला गाठले आणि दगडांनी त्याचे डोके ठेचले. तय्यब कित्येक दिवस तापाने फणफणले होते, असे त्यांनी पुढे सांगितले. ते दृश्य त्यांना आयुष्यभर सोडून गेले नाही. त्यांच्या चित्रातली माणसे कोसळतात, तिरक्या रेषेने दुभंगतात. त्यांना हात-पाय आहेत, उघडे तोंड आहे, पण ओळख पटेल असा चेहरा बहुधा नाही. २००९ मध्ये ते गेले तोपर्यंत त्यांचे नाव जगभर झाले होते. त्यांचे महिषासुराचे चित्र २००५ मध्ये पंधरा लाख डॉलरच्या वर गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी आकडा मोठ्या अक्षरात छापला. खिडकीतून दिसलेल्या त्या माणसाचे नाव मात्र कुणी छापले नाही.

आता उत्तरेची लोकल पकडा. कॉटन ग्रीन, मग शिवडी. तिथल्या ख्रिस्ती दफनभूमीत फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ पासून विसावले आहेत. गोव्यातल्या साळगावचा हा मुलगा, आई मुंबईत कपडे शिवून घर चालवायची. त्यांनी काढलेली डोकी पाहिली की अंगावर काटा येतो. डोळे थेट कपाळावर, दात कुंपणासारखे, गालांवर आडव्या-उभ्या रेघांचे जाळे. चांगल्या कपड्यांतल्या प्रतिष्ठित माणसाच्या चेहऱ्यामागे काय दडलेले असते ते त्यांना दाखवायचे होते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा सूझांच्या सोबत रझा होते, आरा होते, गाडे आणि बाकरे होते, आणि मकबूल फिदा हुसेन होते.

हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५ चा. मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवणारा हा माणूस पुढे देशातला सर्वांत प्रसिद्ध चित्रकार झाला, २०१० मध्ये कतारचा नागरिक झाला आणि २०११ मध्ये लंडनला परक्या मातीत दफन झाला. त्यांच्यावरचे वाद सर्वांना ठाऊक आहेत, ते इथे उगाळत नाही. आम्हाला त्यांची एकच गोष्ट सांगायची आहे. ते जेमतेम दीड वर्षाचे असताना त्यांची आई झैनब वारली. तिचा एकही फोटो नव्हता. आईचा चेहरा कसा होता हे हुसेन यांना कधीच आठवले नाही. मदर तेरेसांवर त्यांनी मोठी चित्रमालिका केली, त्यात पांढऱ्या साडीचे निळे काठ आहेत, मांडीवर मूल आहे, आणि पदराच्या आत जिथे चेहरा असायला हवा तिथे नुसता काळोख आहे. तो चेहरा त्यांनी पुसलेला नाही. त्यांना तो मिळालाच नाही.

अकबर पदमसी यांचीही आठवण इथे काढायला हवी. मुंबईतल्या खोजा घराण्यात १९२८ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने अनेक दशके डोकी काढली. ती कुणा एकाची व्यक्तिचित्रे नव्हेत. समोर कुणाला न बसवता त्यांनी ती काढली आणि तरीही त्या डोक्यांत एकटेपण असे भरले आहे की पाहणाऱ्याला आपल्याच घरातले कुणीतरी आठवते. २०२० च्या जानेवारीत ते गेले.

म्हणजे या मंडळींनी चेहरा मोडला तो शोभेसाठी नव्हे. कुणी चेहरा ठेचलेला पाहिला होता, कुणाला चेहऱ्यांमागचे ढोंग उघडे करायचे होते, कुणाच्या पदरी आईचा चेहरा पडलाच नव्हता. त्यांचा कुणाचाच नसलेला चेहरा हा कुणातरी एकाचा गमावलेला चेहरा होता. मोबाइलवरून येणाऱ्या प्रतीत हे सारे गळून पडते. उरतो नारिंगी गाल, निळा गाल आणि सोफ्याशी जुळणारा रंग. रेघ तीच, पण तिच्यातली जखम गेली.

इथे कुणी म्हणेल, छापील प्रतीला नावे ठेवणारे तुम्ही कोण? मूळ चित्र घेण्याची ऐपत कुणाची आहे? हुसेन यांचे १९५४ चे ग्रामयात्रा हे चित्र २०२५ मध्ये एक कोटी डॉलरच्याही पुढे गेले. रे रोडच्या माणसाने काय भिंत कोरी ठेवायची? हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. छापील प्रतीला आम्ही कमी लेखत नाही. एकोणिसाव्या शतकात याच मुंबईत शिळाछापावर कुराणाच्या आणि फारसी-उर्दू किताबांच्या प्रती निघाल्या आणि गरिबांच्या घरात पोचल्या. दर्ग्याबाहेर मक्का-मदिनेच्या तसबिरी मिळतात, बुराकच्याही मिळतात, आणि बुराकला तर चक्क बाईचा चेहरा असतो! त्या प्रतींनी कितीतरी घरांना आधार दिला. प्रत असणे हा गुन्हा नव्हे. दिवसभर लोकलचे धक्के खाऊन आलेल्या मुलाला घरात चार रंग हवेसे वाटले, हाही गुन्हा नव्हे. आमचा प्रश्न वेगळा आहे. भिंतीवरचा चेहरा आपल्याला माणसाकडे पाहायला लावतो, की माणसाकडे न पाहण्याची सवय लावतो?

आपल्या दीनमध्ये चेहऱ्याबद्दल एकच हुकूम आहे, असे आपण धरून चाललो आहोत, तो म्हणजे चित्र काढू नये. प्रत्यक्षात आणखी बरेच आहे. भांडण हातघाईवर आले तरी तोंडावर मारू नका, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. जनावराच्या तोंडावर डाग देण्यालाही त्यांनी मनाई केली. लुकमान आपल्या मुलाला जी नसीहत करतात, त्यात लोकांपासून तुच्छतेने तोंड फिरवू नकोस, हे एक कलम आहे. आणि सूरह अबस? मक्केतल्या बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना एक अंध माणूस प्रेषितांकडे (स.) काही विचारायला आला. त्यांच्या कपाळावर आठी उमटली, त्यांनी तोंड वळवले, आणि त्यावर वही उतरली, समज देणारी. या प्रसंगाचा आम्ही पुन्हा पुन्हा विचार करतो. तो माणूस अंध होता. समोरच्याच्या कपाळावरची आठी त्याला दिसणारच नव्हती. त्याला वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता, कुणी साक्षीदार तक्रार करणार नव्हता. तरीही ती आठी नोंदली गेली आणि कयामतपर्यंत पढली जाणार आहे. जो आपल्याकडे पाहू शकत नाही त्याच्या चेहऱ्याचाही आपल्यावर हक्क आहे, याहून स्पष्ट कसे सांगायचे?

या कसोटीला आपण कितपत उतरतो? आपाच्या खिडकीपलीकडच्या दारूखान्याचेच पाहा. आमचे अब्बा तिथे एका भंगाराच्या गोदामात हिशेब लिहायचे. जहाज तोडणारे बहुतेक मजूर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा या भागांतून आलेले. गॅस कटर चालवणारा माणूस तोंडाला गमछा गुंडाळतो, डोळ्यांवर काळा चष्मा लावतो. नाक नाही, तोंड नाही, डोळे नाहीत. भाच्याच्या चित्राचा मूळ नमुना तो! अब्बांच्या वहीत त्यांची नावे नसत, 'कटर ४', 'कटर ५' एवढेच असे. आपली विमानवाहू नौका विक्रांत २०१४ मध्ये तोडायला काढली ती इथेच. लोकांनी हळहळ व्यक्त केली, तिचे लोखंड २०१६ मध्ये मोटारसायकलीत वापरले गेले आणि लोकांनी ती अभिमानाने विकत घेतली. जहाजाची आठवण राहिली हे चांगलेच झाले. ते कापणाऱ्या एकाचा तरी चेहरा कुणाला आठवतो का? आम्हालाही नाही. आमचे बालपण त्यांच्यासमोरून गेले आणि आम्ही अब्बांचा डबा देऊन नाकाला रुमाल लावून परत यायचो.

दुसरा दाखला अधिक कठीण आहे. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ अज्ञात. आपल्या सभांतून पहिला आकडा सांगितला जातो, त्यांच्या सभांतून दुसरा. शेवटचा आकडा आम्ही कोणत्याच सभेत ऐकलेला नाही. त्या पंचेचाळीस जणांबद्दल अहवालात लिहिण्यासारखे एवढेच उरले की ते अज्ञात आहेत. ते मुसलमान असतील, हिंदू असतील. त्यांच्यासाठी कुणी फातिहा पढला नाही, कुणी तेरावे घातले नाही. कुणाचाच चेहरा नाही, हे वाक्य लोकलमध्ये आमच्या मागे का लागले, ते तेव्हा आम्हाला कळले. जगात असा चेहरा नसतोच. ज्याला आपण कुणाचाच नाही म्हणतो, तो अल्लाहने आकार दिलेला, एका आईने ओळखलेला चेहरा असतो. कुणाचाच नसतो म्हणजे आपल्याला तो आपला म्हणायचा नसतो, एवढेच.

यावरून आमचे मत बनले ते असे. आपाची भीती खरी आहे, पण ती अर्धी आहे. कागदावरचा चेहरा खोलीत आला तर फरिश्ते जातात, याची तिला काळजी आहे. दारावर आलेल्या भुकेल्याचा चेहरा न पाहता दार लावले तर फरिश्ते थांबतील का, याची काळजी आपण तिच्यासह सारेच कमी करतो. भाच्याचा मोकळेपणाही खरा आहे, पण तोही अर्धाच आहे. चेहऱ्याची शोभेची वस्तू झाली की तो काही मागत नाही, म्हणूनच तो सोयीचा असतो. पूजा हा प्रतिमेचा एक धोका झाला. काहीच न वाटणे हा दुसरा, आणि आजच्या काळात आम्हाला तो अधिक मोठा वाटतो.

दुसऱ्या जुम्म्याला आम्ही पुन्हा रे रोडला गेलो. आपाला म्हणालो, नमाजच्या समोर ते नको, हे तुझे बरोबर आहे. लक्ष विचलित होते म्हणून प्रेषितांनीही (स.) समोरचा पडदा हटवायला सांगितला होता. भाच्याला म्हणालो, फेकून देऊ नकोस, पण ते कुणाच्या हातचे आहे ते शोध. त्याने मोबाइल चाळला. विक्रेत्याने चित्रकाराचे नाव दिलेलेच नव्हते. चेहरा तर अनामिक होताच, तो काढणारा हातही अनामिक निघाला. भाचा जरा ओशाळला. त्याने ते उतरवून आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर लावले.

मग आपा उठली. पलंगाखालची लोखंडी पेटी तिने ओढली आणि रेशमी रुमालात बांधलेला एक जुना कागद काढला. आमच्या अम्मांचा हजचा पास. अम्मा श्रीवर्धनकडच्या, जन्मभर फोटोला नाही म्हणत आलेल्या. मुंबईहून जिद्द्याला जहाजे जात होती त्या काळात, म्हणजे १९९५ च्या आधी, त्या हजला गेल्या. सरकारी नियम म्हणून स्टुडिओत जाऊन त्यांना एक फोटो काढावा लागला. त्यांचा तो एकमेव फोटो. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला, चेहऱ्यावर अपराधी भाव. शिक्क्याची निळी शाई हनुवटीवर पसरलेली.

भाच्याने नानीला पाहिले नव्हते. तिच्या इंतकालनंतर त्याचा जन्म. त्याने तो कागद खिडकीजवळ, उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग विचारले, "मामू, नानीच्या गालावर हा डाग शाईचा आहे की तीळ?" आम्ही आपाकडे पाहिले, आपाने आमच्याकडे. आम्हाला दोघांनाही खात्रीने सांगता आले नाही.

आपाने फोटो भिंतीवर लावू दिला नाही. रुमालात गुंडाळून तो पुन्हा पेटीत गेला. तिच्या मर्जीविरुद्ध आम्हीही आग्रह धरला नाही. पण त्या दिवशी मगरिबपर्यंत ती अम्मांबद्दल बोलत राहिली, आणि भाचा ऐकत राहिला. खिडकीखालून लोकल जात होत्या. दारूखान्यातून सुटलेले मजूर गमछे सोडून, तोंड धुऊन, पुलावरून घराकडे निघाले होते. भाचा उठून खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडे पाहू लागला. चित्र भिंतीवर असावे की नसावे, याचा निवाडा उलेमा करतील. त्या संध्याकाळी त्या घरात चेहऱ्यांकडे पाहिले जात होते, एवढे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.